मावशींचा ग्रीक नाताळ

मिशिगनमधल्या नोव्हायला नोकरी लागली तेव्हा खोली शोधताना एक गोष्ट मला पाठ झाली होती. देशी घरमालकीण फोनवर पहिला प्रश्न विचारणार, "व्हेजिटेरियन आहात ना?" मी नागपूरची. सावजी रश्श्यावर वाढलेली. खोटं बोलता येत नाही म्हणून तीन खोल्या हातच्या गेल्या होत्या.

चौथ्या घराचं दार एका साठी उलटलेल्या, ठेंगण्या बाईंनी उघडलं. अंगात स्वेटपँट, वर पिठानं माखलेला ॲप्रन, पायात लोकरी मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला. चपलेचा अंगठा बसावा म्हणून मोजे कात्रीनं कापलेले. माझं नावगाव न विचारता त्या म्हणाल्या, "मटण खातेस?"

मी घाईघाईनं सांगितलं, "काकू, मी घरात काही आणणार नाही. बाहेरच..."

"मी काय विचारलं? खातेस का?"

"खाते."

"डुक्कर?"

मी गोंधळले. "ऑफिसमध्ये बेकन खाल्लंय एक-दोनदा."

"मग खोली तुझी. आणि काकू नको, मावशी म्हण."

बॅग आत आणली तेव्हा कळलं, की मावशी जन्माच्या शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. देवघरात सांगलीचा गणपती, फ्रीजमध्ये विरजण, आणि खाली बेसमेंटमध्ये डुक्कर खाणारी भाडेकरू हवी, अशी त्यांची अट. याचा उलगडा व्हायला मला दोन आठवडे लागले.

मावशी ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या एका ग्रीक डायनरमध्ये स्वयंपाक करायच्या. तीसहून जास्त वर्षं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, ज्या टूल शॉपमध्ये कामाला होते ते बंद पडलं, तेव्हा मावशी तिथं भांडी घासायला लागल्या. इंग्रजी येत नव्हतं. स्वयंपाकघरात मालकांची म्हातारी आई होती. तिलाही इंग्रजी येत नव्हतं. तिचे गुडघे गेलेले, म्हणून ती एका उंच स्टुलावर बसायची आणि तिथून काठीनं दाखवायची, हे उचल, ते ढवळ. मावशी उचलायच्या आणि ढवळायच्या. सहा महिन्यांत भांडी घासणारी दुसरी आली आणि मावशी शेगडीपाशी गेल्या. म्हातारी चाखायची, तोंड वाकडं करायची, मावशी दुरुस्त करायच्या. स्वतः त्यांनी मांसाच्या भांड्यातला एक थेंबही कधी जिभेवर ठेवला नाही.

म्हातारी गेल्यावर चाखायचं काम मालकांकडे आलं. मी राहायला गेले त्या वर्षी वसंतात मालकही गेले. आणि मावशींना, त्यांच्याच शब्दांत, "जीभ उरली नाही."

ती जीभ मला व्हायचं होतं.

त्या घरात "छान" म्हणायला बंदी होती. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला डायनरमध्ये नेलं आणि कोबीच्या पानात गुंडाळलेला एक गरम रोल पुढे ठेवला. आत डुकराचा खिमा आणि तांदूळ, वरून लिंबू आणि अंड्याचा पिवळसर दाट रस. ग्रीक लोक त्याला लाहानोदोल्मादेस म्हणतात, आणि नाताळच्या जेवणात तो लागतोच. मी खाल्ला आणि मनापासून म्हणाले, "छान झालाय, मावशी."

त्यांनी ताटली ओढून घेतली. "छान म्हणजे काय? पाहुणी आहेस का तू?"

"म्हणजे... आंबट आहे. चांगला आंबट."

"कुठलं आंबट? ताकाचं? चिंचेचं? कैरीचं? का लिंबाचं?"

"लिंबाचंच की."

"लिंबाचं तर मला पण म्हाईत हाय, मीच पिळलंय. आधी लागतं का मागनं लागतं? सोलकढीसारखं घशात जातं का कढीसारखं जिभंवर बसतं?"

मी दुसरा घास घेतला. डोळे मिटले. "आधी काही नाही. मागून येतं. कढीसारखं."

"आता कसं बोललीस!" म्हणून त्यांनी ताटली परत दिली.

नोकरीत मी गाड्यांच्या सीटमधून येणारे आवाज मोजते. कुरकुर वेगळी, खडखड वेगळी, प्रत्येकीला आकडा असतो. हे एकदा मावशींना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "सीटच्या कुरकुरीला एवढं शिकतेस आणि तोंडातल्या घासाला 'छान' म्हणून गप बसतेस? लाज वाटू दे की जरा."

त्यांचं स्वतःचं तंत्र कानाचं आणि नाकाचं होतं. कढ ऐकायच्या. पातेल्याच्या झाकणापाशी कान नेऊन "अजून पाणी बोलतंय, भात बोलत नाही" असं काहीतरी म्हणायच्या. अंडं-लिंबाच्या रसाचं ग्रीक नाव अवगोलेमोनो. जरा चुकलं की तो दुधासारखा फुटतो. फेटलेल्या अंड्यात गरम सूप थेंबाथेंबानं घालायचं, हात थांबवायचा नाही. मावशी ते करताना कुणाशी बोलायच्या नाहीत. फक्त अंड्याशी बोलायच्या, ग्रीकमध्ये. ज्या गोष्टीला त्यांनी जन्मात तोंड लावलं नव्हतं, तिला त्या लहान पोरासारखं चुचकारायच्या. रस कधी फुटलेला मी पाहिला नाही.

सांगलीकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल "मी करतो, मी जातो" असं बोलायच्या. त्यांच्या तोंडी ते इतकं शोभायचं, की पुण्याच्या माझ्या मैत्रिणीनं एकदा ते सुधारायला घेतलं तर मीच तिला थांबवलं.

घरी मांस शिजत नसे, पण गोडाचं सगळं घरीच. नोव्हेंबर मध्यावर आला की संत्र्याची साल आणि लवंग यांचा वास गराजपर्यंत यायचा. मेलोमाकारोना नावाची मऊ कुकी असते. ऑलिव्ह तेल, संत्र्याचा रस, वरून अक्रोडाचा चुरा. ग्रीक लोकांचा नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपास असतो, दूध-लोणी-अंडी बंद, म्हणून ही कुकीही तशीच. "आपल्यासारखंच गं त्यांचं. उपास म्हणायचं आणि दोन डझन खायचं." मधाच्या पाकात ती बुडवायचा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. कुकी गरम असेल तर पाक गार, पाक गरम असेल तर कुकी गार. "दोघं गरम झाले की चिखल. तुझं लग्न ठरलं की आठवण ठेव."

मराठी मंडळाशी त्यांचं फार सख्य नव्हतं. एका दिवाळीच्या फराळाला सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा होता. मावशींनी दिप्लेस नेले. पातळ लाटलेली पोळी तेलात सोडायची, तळता तळता दोन काट्यांनी गुंडाळायची, आणि वर मध. ते चिरोट्यांच्या शेजारी ठेवलेले पाहून एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, चिरोट्याला मध कुणी लावला?" मावशींनी त्यांना पंधरा मिनिटं सोडलं नाही. पीठ किती वेळ ठेवायचं, कुठलं तेल, काटे कसे धरायचे. शेवटी त्या काकू वैतागून म्हणाल्या, "पण आपलं सोडून लोकांचं कशाला एवढं डोक्यावर घ्यायचं?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "आपलं करायला तुम्ही एवढ्या जणी हाय की. ज्या घरानं मला भाकरी दिली, त्या घराचं करायला मी एकटाच हाय."

मी राहायला गेले त्या वर्षी खरी परीक्षा मात्र नाताळच्या दिवशी होती. मालकांच्या म्हाताऱ्या आईच्या, म्हणजे आजीच्या, काळापासून डायनर नाताळला दुपारी उघडं असे. ज्यांना जायला घर नाही त्यांच्यासाठी. ट्रक ड्रायव्हर, एकटे राहिलेले आजोबा, ड्यूटी संपवून आलेल्या नर्सेस, घरी न गेलेले विद्यार्थी. बिल नाही, मेन्यू नाही, जे शिजलं ते सगळ्यांनी खायचं. मालक गेल्यावर डायनर त्यांच्या मुलीकडे आलं. ती सिएटलला वकील. तिनं विकायचं ठरवलं होतं, डिसेंबरअखेर ताबा द्यायचा होता. वाईट बाई नव्हती, दमलेली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला तिचा फोन आला. मावशींनी तो स्पीकरवर टाकला, त्यांचे हात कणकेत होते.

मुलगी इंग्रजीत म्हणाली, या वर्षी नाताळचं जेवण कॅन्सल करू या. बाबा नाहीत, आता कशाला.

"तुझे बाबा गेले," मावशी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "ख्रिसमस कुठं गेलाय?"

मग मुलगी म्हणाली, ठीक आहे, शेवटचं वर्ष आहे, करू. पण शिकागोहून थिया येणार आहेत. थिया म्हणजे आत्या, मालकांची थोरली बहीण. त्यांनी आधीच सांगितलंय की तुमच्या हातचं खाणार नाहीत. केटररला सांगते, तुम्ही फक्त हेल्प करा.

मावशींनी फोन बंद केला. कणकेचे हात तसेच घेऊन त्या बेसमेंटच्या जिन्यावर बसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं कामाच्या मध्ये बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मला 'हेल्प' म्हणाली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्या बहिणीची गोष्ट सांगितली. आजीनं म्हातारपणी स्वयंपाकघर स्वतःच्या लेकीच्या हाती न देता मावशींच्या हाती दिलं, तेव्हा ही बहीण भांडून शिकागोला निघून गेली होती. जाताना भर डायनरमध्ये म्हणाली होती, "जी खात नाही, ती काय रांधणार?" वीसेक वर्षं झाली असतील. मावशींना ते वाक्य ग्रीकमध्ये जसंच्या तसं पाठ होतं.

पाच मिनिटांनी त्या उठल्या. मुलीला परत फोन लावला. "केटरर नको. स्वयंपाक मी करतो. थियाला बसून खायचं नसंल तर उभ्यानं खाऊ दे." त्यांच्या इंग्रजीत त्याचं काय झालं ते असो, पण पलीकडून मुलगी हसल्याचं मला ऐकू आलं.

पुढचे तीन आठवडे माझ्या जिभेची सुटका नव्हती. ऑफिसमधून सुटले की डायनर. दुसऱ्या खेपेला कोबीच्या रोलमध्ये मला वेगळं काहीतरी लागलं. गोडसर, उष्ण वास. "दालचिनी आहे का?"

मावशी चमकल्या. "कळली तुला?"

"कळली, पण ती चूक वाटते. मी इंटरनेटवर दहा रेसिपी पाहिल्या. शेपू आहे, कांदा आहे, दालचिनी कुणीच घालत नाही. काढून टाका ना. त्या बहिणीला नावं ठेवायला जागा कशाला द्यायची?"

"आजी घालायची. फक्त नाताळला, चिमूटभर."

"पण का?"

"तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काठीनं डबा दाखवायची, मी घालायचो. इंटरनेटनं आजीला बघितलंय का?"

मी वाद घातला. मला खरंच भीती वाटत होती. त्या बाईसमोर मावशींचा अपमान झाला तर तो मला सोसला नसता. मावशी ढिम्म हलल्या नाहीत. चिमूट राहिली.

नाताळच्या दिवशी दुपारी बर्फ पडत होता, तरी साठेक माणसं आली. टेबलं जोडून एकच लांब पंगत केली होती. मधोमध ख्रिस्तोप्सोमो, म्हणजे नाताळचा परातीइतका मोठा गोल पाव. वर कणकेच्याच पट्ट्यांचा क्रूस, त्याच्या मध्यावर अख्खा अक्रोड. मावशींनी तो पहाटे भाजला होता, अंडं न लावता, मध लावून.

थिया आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, नखशिखांत काळ्या कपड्यांत, हातात काठी. त्यांनी कुणाशी हात मिळवला नाही. रीतीप्रमाणे पाव घरातल्या मोठ्यानं कापायचा, तो त्यांनी उभं राहून कापला. एक तुकडा घराच्या नावानं ठेवला, मग भाचीला, मग वयाप्रमाणे सगळ्यांना. मलाही दिला. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे थियांनी पाहिलंही नाही.

मावशी आत वळल्या. मी बशा वाढायला लागले. थियांच्या पुढे रोल ठेवला.

त्यांनी काट्यानं अर्धा रोल तोडला. बराच वेळ नुसता पाहिला. मग खाल्ला. चावणं थांबलं. काटा खाली ठेवून त्या ग्रीकमध्ये एकच शब्द बोलल्या. मी भाचीकडे पाहिलं.

"दालचिनी," भाची इंग्रजीत म्हणाली. तिलाही काही कळलं नव्हतं.

थिया बोलू लागल्या, भाची आम्हाला सांगत गेली. आमचे वडील दर्यावर्दी होते. एका नाताळला जहाजातून दालचिनी घेऊन घरी आले. त्यानंतर ते पुन्हा घरी आले नाहीत. आई दर नाताळला चिमूटभर घालायची. गावात कुणी घालत नव्हतं. मीसुद्धा घालत नाही. मी विसरले होते.

थियांनी ताटलीत एक रोल घेतला, काठी उचलली आणि त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग.

मावशींसमोर ताटली धरून त्या म्हणाल्या, "खा." तेवढं ग्रीक मला कळत होतं.

मावशींनी मान हलवली. नाही.

"एकच घास. माझ्या आईचं आहे."

मावशींचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. अर्धं ग्रीक, अर्धं इंग्रजी असं त्या जे बोलल्या, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मी खाल्लं असतं तर माझ्या जिभेला आवडलं तसं केलं असतं. थोडं इकडं, थोडं तिकडं. दहा वर्षांत ते माझं झालं असतं. खाल्लं नाही, म्हणून अजून तुमच्या आईचं आहे."

थिया ताटली ओट्यावर ठेवून बाहेर गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या परत आल्या तेव्हा हातात पावाचा तुकडा होता, मधला, अक्रोडाचा. तो तुकडा घरच्या कर्त्यासाठी ठेवतात.

"हा तरी खाशील?"

"खाईन की," मावशी म्हणाल्या. "मीच भाजलाय."

आणि दोघी म्हाताऱ्या तिथंच, शेगडीपाशी, उभ्यानं पाव खाऊ लागल्या.

डायनर गेलं. तिथं आता गाद्यांचं दुकान आहे. पण नाताळचं जेवण थांबलं नाही. ग्रीक चर्चच्या हॉलमध्ये ते होतं आणि स्वयंपाक मावशीच करतात. मी आता टेक्सासमध्ये, प्लेनोला असते. गेल्या डिसेंबरमध्ये मुद्दाम गेले होते. सात-आठ ग्रीक पोरी ॲप्रन बांधून रांगेत उभ्या, त्यांच्या पणज्यांचा स्वयंपाक सांगलीची बाई त्यांना शिकवतेय. एका पोरीनं चमचा चाटून "अमेझिंग" म्हटलं आणि मावशींनी तिच्या हातातून चमचा काढून घेतला. त्यांचा मुलगा जॉर्जियातल्या अल्फारेटाहून दर आठवड्याला फोनवर सांगतो, "आई, जस्ट रिटायर, प्लीज." त्या म्हणतात, "पोरींना अजून आंबट कळत नाही रे." मी माझ्या टीममधल्या सगळ्यांना त्यांचे फोटो दाखवले. ही माझी मावशी, असं म्हणाले. कुणाला वाटलं, सख्खी. मी दुरुस्त केलं नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं जे रूप उभं राहतं, ते त्याच्याही आधीचं आहे. डायनर बंद झालं त्याच्या पुढच्या डिसेंबरचं. शिकागोहून एक लांबलचक पार्सल आलं. आत लाटणं. आपलं नव्हे, ग्रीक. काठीसारखं सडपातळ, दोन हात लांब, मधोमध वापरून गुळगुळीत झालेलं. सोबत एक चिठ्ठी. मावशी ग्रीक बोलतात, पण वाचता येत नाही. मी त्यांना गाडीतून चर्चमध्ये नेलं, तिथल्या पाद्रींनी चिठ्ठी वाचून इंग्रजीत सांगितली. "हे आईचं. मी भांडून घेऊन गेले होते. माझ्याकडे ते भिंतीवर टांगलेलं होतं. चुकीच्या घरात राहिलं."

"परत वाचा," मावशी म्हणाल्या. त्यांनी परत वाचलं. "आता ग्रीकमध्ये वाचा." त्यांनी तेही वाचलं.

घरी आल्यावर मला वाटलं, आता खिळा-हातोडी शोधायला सांगतील. मावशींनी लाटणं ओल्या फडक्यानं पुसलं आणि कणीक मळायला घेतली.

"मावशी, आईची आठवण म्हणून पाठवलंय त्यांनी. चपात्या काय लाटताय?"

"मग? भिंतीवर तिच्याकडं होतंच की."

लाटणं ओट्याच्या मानानं फारच लांब होतं. एका टोकानं त्यांनी डब्यांची रांग पाडली. मग मला म्हणाल्या, "शिकागोला फोन लाव. स्पीकरवर टाक." मी लावला. पलीकडे थियांचा आवाज आला, पण मावशी काही बोलल्या नाहीत. नुसत्या लाटत राहिल्या. लाकूड फिरल्याचा सर्र-सर्र आवाज स्वयंपाकघरभर होत होता.

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं. तेवढ्यात त्या काहीतरी बोलल्या आणि मावशी खदखदून हसायला लागल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणती, जोर लई लावतीयास. आई हलक्या हातानं लाटायची."

आणि मावशींनी हात हलका केला.